मार्जिन : सोडायचे, भरायचे, सुटायचे

‘मार्जिन’ हा शब्द इंग्रजीत लॅटिनमधून आला. लॅटिन ‘मार्गो’ म्हणजे कड, काठ, हद्द. चौदाव्या शतकात तो इंग्रजी लिखाणात रुळला तेव्हापासूनच त्याला दोन अर्थ होते. एक पाण्याचा किंवा जमिनीचा काठ आणि दुसरा पानावरच्या मजकुराभोवतीची कोरी जागा. दोन्ही अर्थ कडेचेच असले तरी त्यांची जात वेगळी आहे. काठ ही रेघ असते. तिला लांबी असते, रुंदी नसते. कोरी जागा ही पट्टी असते. ती बोटांनी मोजता येते, कमीजास्त करता येते आणि मुख्य म्हणजे ती कोणीतरी ठरवून सोडलेली असते. पुढच्या सहा शतकांत या शब्दाला जे नवे अर्थ चिकटले ते जवळजवळ सगळे या पट्टीतून निघाले.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत हा शब्द कामाधंद्यातल्या मराठीत पुरता मुरलेला आहे. आर्किटेक्टच्या कचेरीत, छापखान्यात, औषधाच्या दुकानात, बँकेच्या कर्ज विभागात, शिंप्याच्या टेबलावर, रेल्वेच्या यार्डात तो दिवसभर कानांवर पडतो. नकाशा काढणारा मार्जिन सोडतो, शिंपी ते ठेवतो, कर्जदार भरतो, दुकानदाराला ते सुटते, मालगाडीला ते मिळते. मराठी क्रियापदांनी या परक्या नामाचे अर्थ इतके स्वच्छ वेगळे केले आहेत की नुसत्या क्रियापदावरून बोलणारा कोणत्या धंद्यातला ते ओळखू यावे.

शब्दाचे मूळ आणखी मागे जाते. भाषाशास्त्रज्ञ ‘मार्गो’चा संबंध इंडो-युरोपीय भाषांच्या समान पूर्वजातल्या, हद्द दाखवणाऱ्या एका धातूशी जोडतात. त्याच धातूपासून जर्मानिक भाषांत ‘मार्क’ आला. जुन्या इंग्रजीत मार्क म्हणजे हद्द, मग हद्दीवर रोवलेली खूण, मग कोणतीही खूण. प्रगतिपुस्तकातले मार्क आणि वहीतले मार्जिन अशा रीतीने एकाच घराण्यातले. डेन्मार्क या देशनावातला मार्कही सीमेवरच्या मुलखाचाच. इराणच्या बाजूला याच धातूची ‘मर्झ’ ही शाखा फुटली. फारसीत मर्झ म्हणजे देशाची सीमा आणि मर्झबान म्हणजे सीमेचा राखणदार. बागवानातला ‘वान’ आणि मर्झबानातला ‘बान’ एकच. मर्झबान हे आडनाव मुंबईच्या परिसराला चांगले ओळखीचे आहे. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ मध्ये मुंबईत देशी भाषेतला छापखाना काढला आणि १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू केले. पश्चिम भारतात छापील पानाचे मार्जिन ज्यांनी लोकांच्या नजरेला सवयीचे केले त्यांतल्या एका आद्य माणसाच्या आडनावातच त्या शब्दाचे मूळ दडलेले असावे, हा निव्वळ योगायोग आहे, पण नोंदवून ठेवण्याजोगा.

पाण्याच्या काठाला मराठीत मार्जिन कोणी म्हणत नाही. तिथे काठ, तीर, कड, किनारा असे आपले शब्द मुबलक आहेत आणि परक्याची गरज पडलेली नाही. पण काठाची रेघ धरायची की पट्टी, हा प्रश्न उल्हास नदीच्या आणि ठाणे खाडीच्या काठी काम करणाऱ्यांना रोजचा आहे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीच्या दोन्ही अंगांना पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटी. हिवाळ्यात त्या मधल्या पट्ट्यात उभे राहिले की नदी कुठे आहे तेही दिसत नाही, म्हणून तिथल्या जमिनीचे व्यवहार करणाऱ्यांना या रेषा नेहमीच जाचक वाटतात. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी काढावे लागले, तेव्हा उल्हासने आपली पट्टी किती रुंद आहे ते दाखवून दिले. खाडीच्या बाजूला हेच काम कांदळवन करते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनाच्या नाशाविरुद्ध दिलेल्या निकालात त्याच्याभोवतीच्या पन्नास मीटरच्या मोकळ्या पट्ट्यालाही संरक्षण दिले.

पानाकडे वळले की मराठीजवळ स्वतःचा, जुना आणि नेमका शब्द आहे: समास. व्याकरणातला समास वेगळा, दासबोधाच्या वीस दशकांतले दोनशे समास वेगळे; वहीतला समास म्हणजे डावीकडे रेघ मारून सोडलेली जागा. शाळेत ‘समास आखा’ असे सांगणाऱ्या बाई आता ‘मार्जिन आखा’ असेही सांगतात, आणि मुलांना दोन्ही कळते.

हस्तलिखित पोथीत समास हा सजावटीचा भाग नव्हता, कामाचा होता. आडव्या पानाच्या डाव्या-उजव्या अंगांना लाल शाईच्या उभ्या जोडरेघा ओढलेल्या असतात. लेखनिकाची लेखणी तिथे थांबते. रेघेबाहेर पानाचा क्रमांक आणि ग्रंथाच्या नावाची एक-दोन अक्षरे येतात, कारण पोथी शिवलेली नसते. सुटी पाने विस्कटली तर ती पुन्हा लावायला एवढाच आधार असतो. नक्कल करताना एखादे अक्षर किंवा चरण राहून गेला तर ओळीत त्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण करतात, तिला काकपद म्हणतात, आणि राहिलेला मजकूर समासात लिहितात. चुकून लिहिलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासतात. ‘मेहनतीवर हरताळ फासला’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. काही पोथ्यांत मूळ श्लोक मधोमध ठळक अक्षरात आणि टीका वर व खाली बारीक अक्षरात असते. ही मांडणी त्रिपाठ. टीका वाढली की ती डाव्या-उजव्या समासांतही उतरते आणि पंचपाठ होतो. अशा पानावर समास उरतच नाही, वाचकाच्या बोटांना धरायलाही जागा राहत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ पंचपाठी पोथ्यांच्या कडांबरोबर टीकेची अक्षरेही झिजून गेलेली आढळतात.

ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले ते वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या भाव्यांनी जुन्या पोथ्या मिळवण्यात आणि वाचण्यात आयुष्याचा मोठा काळ घातला. पोथीच्या मजकुराइतकाच तिचा समासही वाचावा लागतो, हे या कामात पडलेल्या प्रत्येकाला लवकरच कळते. समासातल्या दुसऱ्या हाताच्या अक्षरावरून पोथी कितीजणांच्या हातांतून गेली, कोणत्या ओळीवर शंका निघाली, कुठे पाठ बदलला याचा माग लागतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहून जुने, १८६४ चे. अशा वाचनालयांत पुस्तके हाताळणाऱ्या माणसाला छापील पुस्तकांच्या समासातही पेन्सिलीच्या खुणा, कठीण शब्दांचे अर्थ, मागच्या वाचकाशी घातलेले वाद सापडतात. नियमाप्रमाणे हा गुन्हा आहे, आणि नियम रास्त आहे. पण शंभर वर्षे उलटल्यावर तोच गुन्हा अभ्यासकाला पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

युरोपात समासाने याहून मोठी प्रकरणे घडवली. १५६० च्या जिनिव्हा बायबलच्या समासांत छापलेल्या टीपा इंग्लंडच्या राजा जेम्सला राजद्रोही वाटल्या. १६११ मध्ये त्याच्या आश्रयाने नवे भाषांतर निघाले तेव्हा हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशाखेरीज समासात कोणतीही टीप छापू नये, अशी अट घातली गेली. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ च्या सुमारास एका ग्रीक ग्रंथाच्या समासात एक प्रमेय टिपले आणि सिद्धतेसाठी ही जागा अपुरी असल्याचे नोंदवले. त्या प्रमेयाची सिद्धता अँड्र्यू वाइल्सच्या हातून १९९४ मध्ये पुरी झाली, आणि छापल्यावर तिने शंभराहून अधिक पाने व्यापली.

छापखान्यात मार्जिन ही पूर्वी हातात घेण्याची वस्तू होती. खिळे जुळवून पान तयार झाले की कंपॉझिटर ते लोखंडी चौकटीत बसवी. पानापानांमधली आणि कडेची मोकळी जागा भरायला लाकडाचे किंवा धातूचे ठोकळे असत. त्यांची उंची खिळ्यांपेक्षा कमी, म्हणजे त्यांना शाई लागत नसे. या ठोकळ्यांना छापखान्यात फर्निचर म्हणत. सोळा पानांचा एक फर्मा बांधायचा तर प्रत्येक पानाभोवती किती रुंदीचे फर्निचर पडते यावर सगळे अवलंबून. ते चुकले तर कागदाची घडी घातल्यावर एका पानाचा मजकूर कडेला चिकटतो आणि शेजारच्या पानावर नको तेवढी मोकळी जागा दिसते.

संगणक आले, पेजमेकर आणि श्रीलिपी आली, आणि हे ठोकळे पडद्यावरच्या चार चौकोनांत आकडे भरण्याइतके हलके झाले. हलके झाल्यामुळेच ते पहिल्यांदा कापले जाऊ लागले. मजकूर दोनशे आठ पानांऐवजी दोनशे पानांत बसवायचा असेल तर अर्धा फर्मा वाचतो, म्हणजे कागद वाचतो. टाइप बारीक केला तर वाचक ओरडतो, पण मार्जिन दोन मिलिमीटरने घटवले तर लगेच कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते बाइंडिंगनंतर. जाड दिवाळी अंकाच्या पाठीला डिंक लावून पुठ्ठा चिकटवला की मधल्या घडीतली जागा आत ओढली जाते आणि ओळींची सुरुवात दिसण्यासाठी अंक दोन्ही हातांनी फाकवून धरावा लागतो; चार वेळा फाकवला की पाने सुटतात. मधोमध पिन मारलेल्या पातळ पुस्तिकेत उलटे होते. घडीत घडी बसत गेल्याने आतली पाने बाहेर डोकावतात, कटर त्यांना सरळ कापतो, आणि मधल्या पानांचे बाहेरचे मार्जिन पहिल्या पानापेक्षा अरुंद उरते. अनुभवी जुळणीकार म्हणूनच आतल्या पानांचा मजकूर केसभर पाठीकडे सरकवून ठेवतो. पुस्तकाच्या रचनेचा जुना युरोपीय दंडक आतले, वरचे, बाहेरचे आणि खालचे मार्जिन दोनास तीनास चारास सहा या प्रमाणात ठेवायला सांगतो. आजच्या कागदाच्या भावात तो दंडक कोणाला परवडत नाही, पण खालचे मार्जिन वरच्यापेक्षा मोठे हवे एवढे त्यातले सूत्र पाळले तरी पान डोळ्यांना शांत वाटते.

सरकारी कचेऱ्यांत समासाचा एक खास उपयोग होता आणि काही ठिकाणी अजून आहे: अर्धसमास पत्र, बोलीत ‘हाफ मार्जिन’. कागद उभा दुमडून दोन भाग करायचे, एका भागात वरच्या कचेरीने शंका लिहायची आणि दुसरा भाग कोरा ठेवून खाली पाठवायचा. खालच्या कचेरीने त्याच कोऱ्या भागात, शंकेच्या समोर, उत्तर लिहून कागद परत करायचा. प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर समोरासमोर राहतात, एकालाही दुसऱ्याचा कागद मिळाला नाही असे म्हणता येत नाही. कोरी जागा इथे उत्तर मागते. कारकुनी कामात इतकी साधी आणि चोख युक्ती क्वचितच सापडते.

हाच समास मराठीने पानावरून उचलून जमिनीवर नेला. इमारतीच्या भिंतीपासून भूखंडाच्या हद्दीपर्यंत जे मोकळे अंतर सोडावे लागते त्याला नगररचनेच्या मराठीत ‘सामासिक अंतर’ म्हणतात. बोलताना मात्र फ्रंट मार्जिन, साइड मार्जिन, रिअर मार्जिन असेच चालते. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याण-डोंबिवली १९८३ ची. त्याआधी उभ्या राहिलेल्या वस्तीत गावठाणातली घरे भिंतीला भिंत लावून आहेत, आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या तीन मजली इमारतींच्या मधल्या बोळांतून एक माणूस जेमतेम जातो. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक शहरांना, आणि या दोन्ही महापालिकांनाही, एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. रस्त्याची रुंदी, दाट वस्ती की विरळ, इमारतीचा वापर आणि तिची उंची यांवरून मार्जिन ठरते. इमारत जितकी उंच तितके ते वाढते.

कामात नवीन आलेला ड्राफ्ट्समन पहिल्यांदा फसतो तो मापाच्या सुरुवातीवर. मार्जिन कुंपणाच्या भिंतीपासून मोजायचे नसते, हद्दीपासून मोजायचे असते, आणि या दोन गोष्टी जुन्या भूखंडांत क्वचितच एका जागी असतात. भिंत कधी काळी शेजाऱ्याशी समजुतीने फूटभर आत घेतलेली असते, कधी रस्त्याकडे सरकलेली असते. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी, तिचा नकाशा, मग टेप. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीत मोजणीदार येतो त्या दिवशी सगळे सभासद खाली उतरतात. खुणेचा दगड भिंतीच्या पलीकडे निघाला तर चेहरे खुलतात, अलीकडे निघाला तर नकाशावरची एक अख्खी खोली जाते. फूटभराचा फरक वरवर किरकोळ असतो, पण तो भूखंडाच्या पूर्ण लांबीला आणि वरच्या प्रत्येक मजल्याला गुणला जातो.

मार्जिन कशासाठी, याचे उत्तर नियमावलीच्या भाषेत उजेड, वारा आणि अग्निसुरक्षा असे आहे. पंधरा मीटर आणि त्याहून उंच इमारतीभोवती आगीचा बंब फिरेल अशी सहा मीटरची वाट राष्ट्रीय इमारत संहिता मागते, आणि त्या वाटेखालची जमीन बंबाचे वजन पेलणारी हवी. घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरांत ही वाट कागदावर असतेच. प्रत्यक्षात इमारत ताब्यात आल्यावर वर्षा-दोन वर्षांत तिथे पाहुण्यांच्या गाड्या लागतात, मग पत्र्याची शेड येते, जनरेटर येतो, गणपतीचा कायमचा मंडप येतो. जुन्या सोसायट्यांत साइड मार्जिनमध्ये पाण्याची टाकी, मीटरची खोली आणि तळमजल्यावाल्याने वाढवलेले स्वयंपाकघर असते. अडचणीचा भूखंड असेल तर अधिमूल्य भरून मार्जिनमध्ये सवलत घेण्याची सोय नियमावलीतच आहे. कचेऱ्यांत तिला हार्डशिप प्रीमियम म्हणतात. सवलत अरुंद भूखंडांसाठी गरजेची आहे यात शंका नाही. पण पैसे भरल्याने बंबाची रुंदी कमी होत नाही, आणि नकाशा मंजुरीच्या कामात आयुष्य घालवलेली माणसे या कलमाविषयी बोलताना म्हणूनच जपून बोलतात.

शिंप्याचे मार्जिन याच्या अगदी उलट्या स्वभावाचे. ते दिसू नये म्हणून आत दुमडलेले असते. जूनमध्ये गणवेश शिवायला टाकताना आई ‘आत मार्जिन ठेवा’ म्हणते, आणि शिंपी पँटच्या तळाला दोन-अडीच इंच, कमरेला मागे इंचभर कापड राखतो. ब्लाउजच्या दोन्ही कुशींत तेवढेच. पुढच्या वर्षी टीप उसवली की कपडा वाढतो. फक्त आतले कापड गडद आणि बाहेरचे धुऊन फिके झालेले असल्याने जुनी दुमड रेघेसारखी दिसत राहते. तयार कपड्यांच्या कारखान्यात हे मार्जिन पहिल्यांदा जाते, कारण हजार नगांमागे वाचलेले कापड थानांत मोजता येते.

व्यापारातला अर्थ इंग्रजीतही उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्थिरावला. खरेदी ही एक कड, विक्री ही दुसरी, आणि मधली पट्टी म्हणजे मार्जिन. औषधाच्या दुकानात तिचे गणित सर्वांत उघडे आहे, कारण ते कायद्याने लिहून ठेवलेले आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाची कमाल किंमत ठरवताना दुकानदाराच्या खरेदीच्या सरासरी भावावर सोळा टक्के मार्जिन धरतात. म्हणजे शंभर रुपयांना पडणारी गोळ्यांची पट्टी, कर सोडून, जास्तीत जास्त एकशे सोळाला. नव्या माणसाला वाटते की दुकानदाराला सोळा टक्के सुटतात. सुटतात ते सोळा रुपये, पण एकशे सोळा रुपयांच्या विक्रीवर, म्हणजे पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास. त्याच रस्त्यावर नवे दुकान ‘सर्व औषधांवर १५ टक्के सूट’ असा फलक लावते तेव्हा या एका पट्टीवर ते तोट्यात असते. भरपाई होते ती यादीबाहेरच्या औषधांवर, प्रसाधनांवर, आणि कंपनीच्या दहावर एक फुकट अशा स्कीमवर. घाऊक माल उचलायची ऐपत असलेला हे करू शकतो. डोंबिवलीच्या गल्लीतला, बापलेक मिळून दुकान चालवणारा केमिस्ट फलक वाचून गप्प बसतो, किंवा रोजच्या गिऱ्हाइकाला तो देत असलेली उधारी आणि रात्री अकराला उघडलेले शटर यांवर भिस्त ठेवतो. दुकानाचे भाडे, विजेचे बिल, मुदत संपलेला माल या सगळ्यांची बेरीज त्या सोळा रुपयांतच व्हायची असते. मार्जिन सुटते हे क्रियापद इथे फार खरे आहे: सगळे देऊन झाल्यावर हातात जे राहते तेवढेच आपले.

बँकेत मार्जिन उलट्या दिशेने वाहते. तिथे ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या खिशातून आणायचे असते. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची. या भागातल्या मध्यमवर्गाने पहिले घर आणि पहिला धंदा अशा सहकारी बँकांच्या कर्जावर उभा केला, आणि ‘मार्जिन मनी’ हा शब्द तिथेच शिकला. गृहकर्जात रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना घातलेली मर्यादा अशी: तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्के, पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी, त्यापुढे पंचाहत्तर. पन्नास लाखांच्या घराला चाळीस लाख कर्ज आणि दहा लाख मार्जिन. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या पन्नासात साधारणपणे धरत नाहीत, तो दहा लाखांच्या वर. घर बघायला निघालेल्या जोडप्याचे हिशेब बहुधा याच ठिकाणी कोलमडतात, आणि मग मार्जिन भरायला आईच्या पाटल्या, भविष्यनिर्वाह निधी आणि मामाचे हातउसने एकत्र येतात. बँकेच्या बाजूने या पट्टीचा अर्थ सोपा आहे. उद्या घराचा भाव पडला तर आधी कर्जदाराचा हिस्सा बुडेल, मग बँकेचा. शेअर बाजारात दलालाकडे आधी जमा ठेवायचे मार्जिनही याच जातीचे. तिथे सेबीने सप्टेंबर २०२१ पासून दिवसातल्या सर्वांत मोठ्या पोझिशनवरचे पूर्ण मार्जिन आगाऊ सक्तीचे केले.

रेल्वेत मार्जिन पैशांचे नसते, वेळेचे असते. ठाण्याला १८५३ मध्ये आणि कल्याणला १८५४ मध्ये गाडी पोचली. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे जातो, आणि दोन्हींच्या पुढे घाट आहेत. यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीला पुढे सोडायची तर मागून येणाऱ्या मेलगाडीला अडथळा न होता ती पुढच्या सोयीच्या स्टेशनापर्यंत पोचून बाजूला जाईल, एवढी मोकळी वेळ लागते. कंट्रोलच्या भाषेत तेच मार्जिन. ते मिळेपर्यंत गार्ड आणि लोको पायलट तासन्‌तास थांबतात. रुळांच्या देखभालीसाठी गँगला काम करू द्यायचे तेही अशाच फटीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाल्यावर लांब पल्ल्याच्या गाड्यांना या पट्ट्यात वेगळी वाट मिळाली. सकाळच्या गर्दीच्या वेळी मात्र लोकलमागे लोकल इतक्या जवळ धावतात की एक गाडी तीन मिनिटे अडकली तर तो उशीर जिरवायला वेळापत्रकात जागाच नसते, आणि ती तीन मिनिटे मागच्या प्रत्येक गाडीला वाटून द्यावी लागतात.

अर्थशास्त्रात हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिरला. जेव्हन्स, मेंगर आणि वालरा यांनी १८७१ ते १८७४ या काळात स्वतंत्रपणे एकच विचार मांडला: वस्तूचे मोल तिच्या एकूण उपयोगावर ठरत नाही, शेवटच्या नगाच्या उपयोगावर ठरते. बारावीच्या पुस्तकात ही सीमांत उपयोगिता. पट्टी इथे पुन्हा रेघ झाली, कारण शेवटचा नग म्हणजेच कड. समाजशास्त्रात रॉबर्ट पार्क यांनी १९२८ मध्ये दोन संस्कृतींच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला ‘मार्जिनल’ म्हटले. पुढे तो अर्थ समाजाने कडेला ढकललेल्या माणसांपर्यंत पोचला. मराठीत त्यासाठी सीमांत, परिघावरचे, वंचित असे तीन शब्द वापरतात. त्यांतला ‘वंचित’ सर्वांत प्रामाणिक, कारण त्यात कोणीतरी काहीतरी हिरावून घेतल्याचा उल्लेख आहे. परीघ मात्र आपोआप पडल्यासारखा वाटतो.

शेतीच्या गणनेत ‘मार्जिनल फार्मर’ म्हणजे एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेला खातेदार. सरकारी मराठीत तो अत्यल्प भूधारक. एक ते दोन हेक्टरवाला अल्प भूधारक. कल्याण, मुरबाड, शहापूरच्या भातशेतीत वाटण्या होत होत खाती या मापाखाली गेली आहेत. अशा खात्यात बांध हा हिशेबाचा विषय होतो. भाताला पाणी धरायला बांध हवाच, आणि प्रत्येक वाटणीबरोबर नवा बांध पडतो, म्हणजे पिकाखालची जमीन आणखी घटते. म्हणून शेतकरी बांधावर तूर लावतो. पिकाखाली न येणारे क्षेत्र सातबारावर पोटखराबा म्हणून वेगळे दाखवतात. त्यावर शेतसारा बसत नाही, पण मोजणीत आणि वाटणीत ते क्षेत्र धरले जाते.